राजाचा ‘प्रायव्हेट सेक्रेटरी’: सचिव की चिटणीस?

प्रश्न असा आला आहे: इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाचे ‘प्रायव्हेट सेक्रेटरी’ लॉर्ड स्टॅमफोर्डहॅम यांच्यावरच्या लेखाचा अनुवाद चालू आहे. त्यांना मराठीत काय म्हणायचं? ‘खाजगी सचिव’ लिहिलं तर मंत्रालयातला माणूस डोळ्यांपुढे येतो, ‘स्वीय सहायक’ फारच किरकोळ वाटतं आणि ‘चिटणीस’ म्हटलं की पक्षाचा पदाधिकारी आठवतो.

माझं मत चिटणीसाच्या बाजूनं. पक्षकार्यालयात हा शब्द गेला तो अलीकडे, त्याचा जन्म दरबारातला. चिट म्हणजे चिठ्ठी, आणि ‘नीस’ हे फारसी ‘नवीस’चं झिजलेलं रूप, म्हणजे लिहिणारा. राजाची पत्रं लिहिणारा तो चिटणीस. पत्रं लिहिणाऱ्याला राजाच्या मनातलं आधी कळतं, इतरांना मागाहून. या पदाचं वजन आहे ते एवढ्याचसाठी.

‘सचिव’ संस्कृतातून आला. मूळ अर्थ सोबती, साहाय्यक. अमरकोशात ‘मन्त्री धीसचिवोऽमात्यः’ असं आहे, म्हणजे सचिव हा मंत्र्यांच्या पंक्तीतला. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत सचिव होता तो सुरनीस. राजपत्रांतला मजकूर तपासून अधिक-उणं दुरुस्त करणं हे त्याचं काम. पुढे भोरचं संस्थान या पंतसचिवांचंच. चिटणीस मात्र अष्टप्रधानांत नव्हता. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं तपासायचं, असा हा फरक.

शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांनी कोरा कागद हातात धरून महाराजांना अख्खं पत्र ‘वाचून’ दाखवलं, ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. प्रधानपद नको, चिटणिशीच द्या, असं त्यांनी मागितल्याचंही सांगतात. पण चिटणीसांची बखर लिहिणारे मल्हार रामराव त्याच घराण्यातले, तेव्हा घरचं कौतुक जरा हातचं राखूनच वाचावं. मला बाळाजींपेक्षा त्यांच्या मुलाची, खंडो बल्लाळांची, कारकीर्द जास्त विलक्षण वाटते. 1681 मध्ये कटाच्या संशयावरून संभाजी महाराजांनी बाळाजींना देहान्त शिक्षा दिली. आणि पुढे त्याच संभाजी महाराजांची चिटणिशी खंडो बल्लाळांनी केली! नंतर राजाराम महाराजांबरोबर जिंजी. तिथल्या वेढ्यातून महाराजांना बाहेर काढायला मोगलांकडच्या शिर्क्यांना वश करावं लागलं, तेव्हा त्यांनी आपलं कोकणातलं वतन सोडून दिलं, असं परंपरा सांगते. मग शाहू महाराज. 1726 साली खंडो बल्लाळ वारले. धनी तीन, लेखणी तीच.

आता तुमचे स्टॅमफोर्डहॅम पाहा. मूळचे आर्थर बिग, तोफखान्यातले अधिकारी. 1880 मध्ये व्हिक्टोरिया राणीकडे दुय्यम म्हणून आले, 1895 मध्ये मुख्य झाले, आणि पाचव्या जॉर्जची सेवा करताना 1931 मध्ये पदावर असतानाच गेले. 1917 मध्ये राजघराण्यानं जर्मन नाव टाकलं तेव्हा ‘विंडसर’ हे नाव सुचवलं ते यांनी. ही कामं ‘स्वीय सहायका’ची नव्हेत. तो शब्द भेटीच्या वेळा ठरवणाऱ्याला, फोन घेणाऱ्याला ठीक. त्यात कमीपणा काही नाही, पण काम वेगळं.

म्हणून मी ‘राजाचे खासगी चिटणीस’ लिहीन. इथे ‘खासगी’ आणखी एका कारणानं चपखल बसतो. आज आपण तो ‘सरकारी नव्हे’ एवढ्याच अर्थानं वापरतो. पण मराठेशाहीत खासगी म्हणजे धन्याच्या स्वतःच्या घरचा कारभार. पेशव्यांचे खासगीवाले, होळकरांची खासगी आठवा. (‘खाजगी’ लिहिलंत तरी चुकत नाही, मला मुळातला ‘खास’ दिसलेला बरा वाटतो.) लेखात पहिल्यांदा नाव येईल तिथे ‘राजाचा पत्रव्यवहार आणि सल्लामसलत सांभाळणारे’ एवढं जोडून द्या, म्हणजे पक्षाच्या चिटणीसाशी गल्लत होणार नाही. जिल्हाधिकारी कचेरीत वावर असलेल्या वाचकाला तेवढंही लागणार नाही. तिथे चिटणीस हे पद अजून नांदतं आहे.

जाता जाता विचारलंत की चिटणीसात ‘ण’ आणि पोतनीसात ‘न’ का. आधीचं अक्षर पाहा: चिटणीस, फडणीस, कोटणीस यांत नीसच्या आधी ट किंवा ड आहे, जीभ टाळूकडे वळलेलीच असते, तीच ‘न’ला ‘ण’ करून टाकते. पोतनीस, सबनीस, पारसनीस, वाकनीस यांत तसं काही नाही, म्हणून न तसाच राहिला. आडनाव म्हणून कोणी ‘चिटनीस’ लिहीत असेल तर मात्र त्याच्या दारावरच्या पाटीला हात लावू नका.