गर्भपातानंतरचे मातृत्व : काय सोडावे, काय सोडू नये

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात माहेर आणि निपाणीत सासर असलेल्या, सध्या इंग्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. पहिल्या खेपेला दहाव्या आणि दुसऱ्या खेपेला अठराव्या आठवड्यात गर्भ गेल्यानंतर आता त्यांना चौदावा आठवडा लागला आहे. सासूबाई म्हणतात, नोकरी सोड आणि अंथरुणावर पडून राहा. आईने कुरिअरने डिंकाचे लाडू, गोकाकचा करदंट, हिरव्या बांगड्या आणि गुळेदगुड्डचा खण पाठवला आहे, पण ते खोके उघडायला यांचे मन धजत नाही. ‘या बाळासाठी मी आणखी काय काय सोडायचे?’ असे त्यांनी विचारले आहे.

ताई, माझे मत स्पष्ट सांगते. तुम्हाला जे सोडायला सांगितले जात आहे, त्यातल्या बहुतेक गोष्टींचा बाळाला काडीचाही उपयोग नाही. आणि तुम्ही जे खरोखर सोडून बसला आहात, त्याची दखल दोन्ही घरांत कोणी घेतलेली दिसत नाही.

आधी नोकरीचे पाहू. बैठ्या कामाने गर्भ जात नाही. त्याचप्रमाणे जिने चढल्याने, बसने प्रवास केल्याने किंवा ग्रहणात भाजी चिरल्यानेही जात नाही. पहिल्या तीन महिन्यांतले निम्मे किंवा त्याहूनही अधिक गर्भपात गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात आणि तो दोष बहुधा गर्भधारणेच्या वेळीच ठरलेला असतो. सक्तीच्या अंथरुणाने गर्भपात टळतो असे अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही. उलट सतत पडून राहिल्याने पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. शिवाय ब्रिटनमध्ये मालकाकडून मिळणारा कायदेशीर प्रसूती भत्ता ३९ आठवड्यांपर्यंत मिळतो, आणि इतर अटींबरोबर त्याला एक अट अशीही आहे की प्रसूतीच्या अपेक्षित आठवड्याच्या आधीच्या पंधराव्या आठवड्यापर्यंत त्याच मालकाकडे सलग २६ आठवडे नोकरी झालेली असावी. आज राजीनामा दिलात तर हा भत्ता जाईल, आणि घराचा व्हिसा तुमच्या नोकरीवर असेल तर प्रश्न भत्त्यापुरताही उरणार नाही. गरोदरपणातल्या तपासण्यांसाठी पगारी वेळ मागणे आणि गरोदरपणामुळे घेतलेली आजारपणाची रजा वेगळी नोंदवून घेणे हा तुमचा हक्क आहे, त्यात संकोच नको. इतर देशांतल्या वाचकांनी आपापल्या ठिकाणचा कायदा जरूर पाहावा. भारतात गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते; ती मूळ १९६१च्या प्रसूती लाभ कायद्याने दिली. न्यूझीलंडने २०२१ मध्ये तीन दिवसांची शोकरजा दिली.

आता जे खरोखर करायचे आहे त्याकडे वळू. दुसऱ्या खेपेला गर्भ अठराव्या आठवड्यात गेला, ही गोष्ट तुमच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची आहे. गर्भाशयाचे तोंड वेळेआधी आखूड होत आहे का, हे योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत मोजता येते. ही मोजणी साधारण सोळाव्या आठवड्यापासून करतात आणि गरज दिसल्यास टाका घालणे किंवा प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक देणे असे उपाय असतात. त्यामुळे पुढच्या तपासणीची वाट न पाहता या आठवड्यातच डॉक्टरांना फोन करून जुने सर्व अहवाल दाखवावेत. ॲस्पिरिन किंवा प्रोजेस्टेरॉन गावाकडच्या कोणाच्या सांगण्यावरून सुरू करू नये. कॉफी आणि चहा मिळून दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफिनच्या आत ठेवावे, म्हणजे झटपट कॉफीचे दोन मगच. पतिराजांची सिगारेट मात्र खरोखर बंद व्हावी. मदतीला येणाऱ्या एखाद्या मावशींच्या पिशवीत मिश्रीची डबी असेल, तर तिला हात लावू नये. तीही भाजलेली तंबाखूच आहे. अंथरुणाचा आग्रह धरणाऱ्या वडीलधाऱ्यांना मिश्रीत काही वावगे दिसत नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

हे झाले शरीराचे. तुमच्या पत्रात एक ओळ आहे : ‘प्रत्येक वेळी बाथरूममध्ये गेले की आधी डाग पडला आहे का ते पाहते, मगच श्वास सोडते.’ गर्भ गमावलेल्या कितीतरी स्त्रिया असेच जगतात. सोनोग्राफीच्या खोलीत तंत्रज्ञ दोन क्षण बोलली नाही तरी त्यांच्या हातापायांतले बळ जाते. पहिलटकरणीची निर्धास्त हौस, दिवस मोजण्यातला आनंद, मैत्रिणीला पहिल्याच महिन्यात फोन करून सांगण्याची घाई, हे सारे तुम्ही आधीच देऊन बसला आहात. त्यावर आणखी त्याग मागण्याचा अधिकार कोणालाही नाही. प्रत्येक वेळी सोनोग्राफीला पतीला सोबत न्यावे, आणि आधीचे गर्भ गेले आहेत हे तंत्रज्ञांना आत शिरतानाच सांगावे; म्हणजे त्या हृदयाचे ठोके आधी दाखवतात आणि मोजमापे नंतर घेतात.

सासूबाईंवर रागावू नका. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायकांना रजा हा शब्दही परवडत नव्हता, आणि पडून राहायला मिळाले असते तर मूल वाचले असते, ही हळहळ त्या भागातल्या कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्यांचा आग्रह त्या हळहळीतून येत असावा. पण त्यांना हे समजावण्याचे काम तुमचे नाही, त्यांच्या मुलाचे आहे. त्याने एकट्याने फोन करावा, शेजारच्या काकू बसलेल्या असताना व्हिडिओ कॉलवर नव्हे, आणि नोकरीचा निर्णय दोघांनी मिळून डॉक्टरांना विचारून घेतला आहे, एवढे सांगून विषय संपवावा.

खोक्याविषयी. आपल्याकडे चोरओटी अगदी घरच्या चार बायकांतच भरतात, ती कशी जपून आणि गाजावाजा न करता! शेजारच्या कन्नड घरांतल्या कुबसासारखे थाटाचे डोहाळजेवण सातव्या महिन्यातच झाले पाहिजे, असा कोणताही दंडक नाही. आईला सांगावे की खण आणि बांगड्या जपून ठेवल्या आहेत, मन तयार होईल तेव्हा खण शिवून घालेन आणि बांगड्या भरेन. आणि नाहीच झाले तर बारशाला. लाडू मात्र आजच बाहेर काढावेत, कारण डिंक आणि सुकामेवा फार दिवस खोक्यात राहिला तर खवट होतो.

बाळंतपणासाठी बेळगावला यावे, असे आईला वाटणे स्वाभाविक आहे. विमानप्रवासाने गर्भ जात नाही, पण अठ्ठावीस आठवड्यांनंतर बहुतेक विमान कंपन्या डॉक्टरांचे पत्र मागतात आणि छत्तिसाव्या आठवड्यानंतर घेत नाहीत. शिवाय तुमचा सगळा वैद्यकीय इतिहास जिथे आहे तिथेच प्रसूती होणे, हेच माझ्या मते योग्य. आईलाच तिकडे बोलवावे आणि त्यांच्या व्हिसाचा अर्ज वेळेत करावा.

बाळ कुशीत आल्यावर भीती आपोआप जाईल, असे समजू नका. रात्री उठून बाळाचा श्वास चालू आहे ना, हे पाहत बसणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. गेलेल्या दोघांची आठवण याच दिवसांत पुन्हा वर येते, आणि ‘आता मिळाले ना, मागचे विसर’ हे वाक्य कोणीतरी हमखास म्हणते. प्रसूतीनंतर भेटीला येणारी परिचारिका अनेकदा १९८७ मध्ये एडिंबरा येथे तयार झालेली, बाळंतपणानंतरचे नैराश्य ओळखण्यासाठीची दहा प्रश्नांची एक प्रश्नावली देते. तिची उत्तरे खरी द्यावीत. त्या वेळी आई किंवा सासूबाई खोलीत असतील, तर परिचारिकेकडे थोडा एकांत मागावा.