वालाचं पाणी फवारून अळी मरेल का?

प्रश्न : वालाच्या दाण्यात अळीचं पचन बिघडवणारं प्रथिन असतं, असं ऐकलं. मग वाल भिजवून, वाटून त्याचं पाणी पिकावर फवारलं तर शेंगा पोखरणारी अळी मरेल का? आणि दाण्यात हे असूनही अळी शेंगा खाते कशी? – एक शेतकरी, ता. मुरबाड, जि. ठाणे

उत्तर : ऐकलंत ते खरं आहे, पण पाटा-वरवंटा काढू नका.

वाल, तूर, चवळी, सोयाबीन यांच्या दाण्यांत प्रोटीएज रोधक नावाची प्रथिनं असतात. अळीच्या आतड्यातलं ट्रिप्सिन, म्हणजे प्रथिनं पचवणारं विकर (एन्झाइम), त्यांना चिकटून अडकतं. पोट भरतं, पण खाल्लेलं अंगी लागत नाही. सोयाबीनमधला असा एक रोधक मोझेस कुनिट्झ यांनी १९४५ साली स्फटिकरूपात वेगळा केला. त्याच दाण्यात दुसरा एक रोधक आहे, तो दुतोंडी. अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या माळेतले मणी, अवघी ७१, पण एक तोंड ट्रिप्सिन पकडतं आणि दुसरं कायमोट्रिप्सिन हे पचनाचंच दुसरं विकर. दोन्ही तोंडं एकाच घडणीची, कारण फार पूर्वी जनुकाचा एक तुकडा जागच्या जागी दुप्पट झाला.

अख्खी जनुकंही अशीच दुप्पट होतात. घरात दोन भाऊ असले, थोरला शेत बघत असला, की धाकट्याला भिवंडीच्या गोदामात नोकरी धरता येते. तसं एक प्रत जुनं काम चालू ठेवते आणि दुसरीला बदलायची मोकळीक मिळते. बहुतेक प्रती वाया जातात, हेही सांगायला हवं. प्रत्येक भाऊ कर्तबगार निघत नाही. जी टिकते तिचा बाकीचा सांगाडा फारसा हलत नाही, बदल होतो तो तोंडाच्या टोकावर. तिथे लायसिन किंवा आर्जिनिन हे अमिनो आम्ल असेल तर ट्रिप्सिन अडकतं, ल्युसिन आलं की कायमोट्रिप्सिन. मूठ तीच ठेवून विळ्याचं पातं बदलावं, तसं. तुमच्या खाचरातल्या भाताने वेगळीच वाट धरली : त्याच्या लहान रोधकाचं एक तोंड निकामी झालं, तर मोठ्यात सगळा सांगाडाच पुन्हा दुप्पट झाला.

मग अळी मरत का नाही? कारण अळीच्या घरातही हेच झालंय. शेंगा पोखरणाऱ्या घाटे अळीकडे अशा पचनाच्या विकरांच्या जनुकांचं मोठं खटलं आहे, तेही प्रतींतूनच वाढलेलं. एक विकर अडलं की रोधकाला न जुमानणारं दुसरं ती जास्त बनवू लागते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या १९९९ सालच्या अभ्यासात हरभरा, तूर, कपाशी या तिच्या रोजच्या खाण्यातल्या पिकांचे रोधक तिच्यावर कमी पडले. भुईमूग, बटाटा, चौधारी घेवडा यांचे जास्त चालले. ज्या घरचं रोज जेवते, तिथलं तिखट तिला सोसतं. वालाचं पाणी वालावर मारणं म्हणूनच फुकट जाईल. शिवाय वाटलेल्या पाण्यात रोधक किती उतरला, हे तुम्ही मोजणार कसं?

त्यापेक्षा वाल फुलावर यायला लागला की हेक्टरी ५ कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे सापळे, लावा. त्यांनी अळी आटोक्यात येत नाही, पण पतंग आल्याची खबर मिळते. तेव्हाच ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. अळ्या लहान असतानाच घाटे अळीचा विषाणू, म्हणजे एचएएनपीव्ही, संध्याकाळी मारा. उन्हात तो लवकर निकामी होतो. फुलं-शेंगा जाळ्याने एकत्र गुंफलेल्या दिसल्या तर ती ठिपक्यांची अळी, तिच्यावर हा विषाणू चालत नाही. त्याचे पैसे घालवू नका, जाळी तोडून नष्ट करा.

शहापूरच्या एका ताईंनी विचारलंय, किडका वाल भरडून कोंबड्यांना घालू का? कच्चा नको. हाच रोधक कोंबडीच्या पोटातलं ट्रिप्सिनही अडवतो, पिलांची वाढ खुंटते. बिरड्यासाठी करता तसा भिजवून, पाणी ओतून, मोड आणून नीट शिजवा आणि मग थोडाच, रोजच्या खाद्यात मिसळून घाला. बुरशी लागलेला दाणा मात्र शिजवूनही देऊ नका.