मॉरिशसहून येणारा पैसा नेमका कोणाचा?

प्रश्न : मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या हिशेब विभागातून निवृत्त झालो आहे. भारतात येणाऱ्या परकीय गुंतवणुकीच्या यादीत मॉरिशसचे नाव वर्षानुवर्षे अगदी वर वाचत आलो. आमच्यासारखाच उसावर जगलेला हा एवढासा देश. त्याच्याकडे एवढा पैसा आला कुठून आणि त्यातून त्याच्या पदरात काय पडते?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तो पैसा बहुतांशी मॉरिशसचा नव्हेच. कोल्हापूर जिल्ह्याच्या जेमतेम एक तृतीयांश लोकसंख्येच्या देशाकडे तेवढी बचत असणे शक्य नाही. १९८२ मध्ये भारत व मॉरिशस यांच्यात दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार झाला. त्यानुसार मॉरिशसमधील कंपनीने भारतातले शेअर विकून कमावलेल्या भांडवली नफ्यावर कर लावण्याचा अधिकार मॉरिशसकडे राहिला, आणि तिथे असा करच नव्हता. त्यामुळे १९९१ नंतर भारताने परकीय भांडवलाला वाट मोकळी केल्यावर अमेरिकेतला वा युरोपातला एखादा फंड पोर्ट लुईसमध्ये कंपनी नोंदवी, तिथल्या कर खात्याकडून रहिवासाचा दाखला घेई आणि त्या कंपनीच्या नावाने मुंबईच्या बाजारात खरेदी करी. हा दाखला पुरेसा मानावा, असे परिपत्रक आपल्याच केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २००० साली काढले आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. भारतातलाच पैसा वळसा घालून परत येतो, ही शंकाही तेव्हापासूनची आहे आणि ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

मॉरिशसची खरी कमाई मात्र आधीची आहे, आणि ती उसातूनच झाली. युरोपीय समुदाय आणि आफ्रिका, कॅरिबियन व पॅसिफिकमधील देश यांच्यात १९७५ मध्ये झालेल्या लोमे या व्यापार करारासोबतच्या साखरविषयक तरतुदींनुसार युरोपीय समुदायाने मॉरिशसची दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर हमी भावाने घेण्याचे मान्य केले, आणि तो भाव बहुतेक वर्षी जागतिक बाजारापेक्षा चढा असे. दराची अशी खात्री असली की ताळेबंद कसा पालटतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. त्यातला बराच पैसा मळेवाल्या घराण्यांनी कपड्यांच्या कारखान्यांत घातला. निर्यातीसाठी उत्पादन करणाऱ्यांना सवलती देणारा कायदा १९७० मध्येच झाला होता आणि या सवलती एखाद्या कुंपणातल्या वसाहतीपुरत्या नव्हत्या, कारखाना बेटावर कुठेही काढता येई. हाँगकाँगचे उद्योजक त्यासाठीच आले. पुढे पर्यटन वाढले, बँका आल्या; त्यामुळे २००६ पासून युरोपने साखरेचा हमी भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला, तेव्हा देशाची भिस्त एकट्या उसावर उरली नव्हती. याउलट, मॉरिशसप्रमाणेच १९६८ साली स्वतंत्र झालेल्या पॅसिफिकमधील नाऊरू या चिमुकल्या बेटाने आपल्या फॉस्फेटच्या खाणींचा पैसा परदेशी इमारतींत अडकवला आणि खाणी संपत आल्यावर त्यांतल्या बऱ्याच विकल्या.

बाहेरच्या गुंतवणुकीतून मॉरिशसला मिळते ते नोंदणीचे शुल्क, वकील व लेखापालांची कामे आणि बँकांतल्या नोकऱ्या. एवढ्याशा देशाला हे थोडके नाही, पण त्याची दोरी दिल्लीच्या हाती आहे. २०१६ च्या दुरुस्तीने १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरवरचा नफा भारतात करपात्र झाला, आणि लवकरच त्या यादीत सिंगापूर मॉरिशसच्या पुढे गेले. मॉरिशस आता आफ्रिकेत जाणाऱ्या भांडवलाची पेढी होऊ पाहत आहे. त्या देशांच्या अर्थखात्यांनीही उद्या हेच केले, तर मॉरिशसला पुन्हा नवे गिऱ्हाईक शोधावे लागेल.