उजळ दिसलं म्हणून दाट समजू नका

प्रश्न : जिवंत हेला पेशींना (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोग पेशी) बॉडिपी-सी१० हा श्यानतेनुसार चमकणारा रंग लावला. काही पेशी झगझगीत दिसल्या, काही फिक्या. झगझगीत पेशींची श्यानता (दाटपणा, वाहायला होणारा अडथळा) जास्त, असं म्हणता येईल का?
– संशोधक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : एवढ्यावरून नाही. या रेणूच्या गाभ्याला एक फिनिल वलय जोडलेलं असतं. प्रकाश शोषल्यावर पातळ माध्यमात ते झटकन फिरतं आणि ऊर्जा उष्णतेत जाते. दाट माध्यमात फिरणं अडतं, म्हणून रेणू चमकतो. पण रंग जास्त शिरला तरी उजेड वाढतोच! म्हणून तीव्रता सोडा, प्रतिदीप्तीचा आयुःकाल मोजा, म्हणजे प्रकाश शोषल्यावर रेणू सरासरी किती वेळ उत्तेजित राहतो ते. मिथेनॉलमध्ये तो अर्ध्या नॅनोसेकंदाच्या आत असतो, ग्लिसरॉलमध्ये तीनच्या पुढे.

आधी मिथेनॉल-ग्लिसरॉलची सात-आठ मिश्रणं करून अंशांकन आलेख काढा, म्हणजे कोणत्या श्यानतेला किती आयुःकाल ते कळेल. दोन्ही अक्ष लॉगमध्ये घेतले की मधल्या पट्ट्यात सरळ रेषा येते. इथे ग्लिसरॉल दगा देतं, कारण ते हवेतली ओल ओढतं. २० अंशांना शुद्ध ग्लिसरॉल सुमारे १,४१० सेंटिपॉइज (श्यानतेचं एकक) असतं. ५ टक्के पाणी शिरलं की ५२० च्या आसपास येतं. म्हणून नवी बाटली घ्या, मिश्रण वजनावर करा, आणि मोजताना तापमान लिहून ठेवा.

रंग १ ते २ मायक्रोमोलर पुरतो. सीरम (रक्तद्रव) नसलेल्या माध्यमात, ३७ अंशांना १० ते २० मिनिटं ठेवा, मग दोनदा धुवा. सीरममधली प्रथिनं रंग धरून ठेवतात. मात्रा वाढली तर रेणूंचे पुंजके होतात आणि आयुःकाल फसवा येतो. हे ओळखायला ६०० नॅनोमीटरपलीकडे बघा. तिथे तांबडी चमक दिसली तर मात्रा निम्मी करा. मोजणी ५०५ ते ५४० मध्येच ठेवा.

आणखी एक, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं : हा रंग तेलकट आहे. तो पेशीतल्या पटलांत आणि मेदथेंबांत बसतो. केंद्रक काळं दिसतं ते त्यामुळेच. शंभर सेंटिपॉइजच्या वरचा आकडा आला तर तो पटलांचा आहे, पेशीद्रवाचा नाही. पेशीद्रवात हिरवं चमकणारं प्रथिन (जीएफपी) पाण्यापेक्षा तीन-चार पटच हळू सरकतं. तेव्हा आकृतीखाली ‘पेशीची श्यानता’ लिहू नका.

प्रश्न : पेशी फॉर्माल्डिहाइडने स्थिर करून नंतर मोजल्या तर?

उत्तर : नको. फॉर्माल्डिहाइड प्रथिनं एकमेकांना बांधून टाकतं. मग जे मोजाल ते जिवंत पेशीचं नसेल.