प्रश्न वाचकांचे : जसा मुलूख, तसं पाणी

देशाच्या वेगवेगळ्या भागांतली जमीन, धंदे आणि राहणी यांवर प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. आलेल्या पत्रांत पाण्याचाच विषय जास्त निघाला, म्हणून या वेळी तीच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : जैसलमेरला आमच्यापेक्षा निम्म्याहून कमी पाऊस. तरी तिथं विहीर-कालव्याशिवाय गहू-हरभरा होतो असं वाचलं. हे कसं जमतं? आमच्याकडे करता येईल का? (एक शेतकरी, मंगळवेढा)

उत्तर : जमतं, आणि पंधराव्या शतकापासून जमत आलंय. या पद्धतीला 'खडीन' म्हणतात. जैसलमेर भागातल्या पालीवाल ब्राह्मणांनी ती बसवली. तिथं पाऊस वर्षाला दीड-दोनशे मिलिमीटर, तोही चार-सहा सरींत येऊन जातो. पण भोवतीचे माळ खडकाळ आहेत. त्यांच्यात पाणी मुरत नाही, सगळं वाहून खालच्या सखल भागात येतं. पालीवालांनी तेच पाणी अडवलं.

सखल जमिनीच्या उताराकडच्या बाजूला मातीचा बांध घालतात, साधारण १०० ते ३०० मीटर लांब. बाजूंना तो उताराच्या वरच्या अंगाला वळवून आणतात. बांधाला जादा पाणी निघून जायला दगडी सांडवा असतो आणि तळाशी मोरी. पावसाळ्यात आत तळं साचतं. ते उपसायचं नाही, त्यावर मोटार बसवायची नाही, नुसतं मुरू द्यायचं. दरवर्षी वरून गाळ येतो, त्यामुळे आतली माती खोल आणि कसदार होत जाते. दिवाळीच्या सुमारास जे पाणी उरलं असेल ते मोरीतून सोडतात आणि वाफसा येईल तशी, म्हणजे ओल पेरणीजोगी होईल तशी, पेरणी करतात. पुढे पिकाला वरून एक थेंबही द्यावा लागत नाही. बांधाच्या खालच्या अंगाला विहीर खणली तर झिरपा लागतो आणि त्याचं पाणी गोडं असतं. मुरणाऱ्या पाण्याबरोबर क्षारही खाली जातात, त्यामुळे इतकी वर्षं पाणी साठवूनही ही जमीन खारवत नाही.

बिघडतं कुठं, तर मुख्यतः तीन ठिकाणी. पहिलं पाणलोटाचं. एक हेक्टर खडीनीला बारा ते पंधरा हेक्टर खडकाळ माळ लागतो. तो माळ कुणी नांगरला किंवा तिथं खाण काढली, की पाणी खाली येतच नाही. म्हणून खडीनीइतकाच वरचा माळही राखावा लागतो. दुसरं सांडव्याचं. जास्त पाणी साठावं म्हणून सांडवा उंच केला, तर एकाच मोठ्या सरीत बांध फुटतो. तिसरं मोरीचं. पाणी वेळेवर सोडलं नाही तर पेरणी लांबते आणि दाणा भरायच्या वेळी ऊन तापून गहू चिरमटतो.

मंगळवेढ्याला मात्र खडीन घालू नका. तुमची जमीन खोल काळी. ती स्वतःच पाणी धरते, आणि तुमचा भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा, नेमका मालदांडी ज्वारीच्या पेरणीच्या तोंडावर. तेव्हा शेतात तळं साचवलं तर वाफसाच येणार नाही. शिवाय काळ्या मातीचा बांध उन्हाळ्यात भेगाळतो आणि पहिल्या पावसात त्याच भेगांतून फुटतो. तुमच्यासाठी बंदिस्त वाफे बरे. जून-जुलैत कुळवणी झाली की सुमारे १० मीटर लांबी-रुंदीचे वाफे पाडायचे, पडेल तो पाऊस जागच्या जागी जिरवायचा आणि पेरणीआधी वरंबे मोडून सपाट करायचं. खडीनीत पाणी दुसरीकडून आणावं लागतं, तुमच्याकडे ते शेताबाहेर जाऊ दिलं नाही की झालं.

खोल काळ्या जमिनीत शेतातच पाणी साठवायची रीत पाहायची असेल, तर जबलपूर-नरसिंहपूरकडची 'हवेली' पाहा. तिथं मीटरभर उंचीच्या बांधांत शेतं पावसाळाभर बुडवून ठेवतात, ऑक्टोबरात पाणी सोडतात आणि गहू-हरभरा पेरतात. पण तिथला पाऊस हजार मिलिमीटरच्या वर आहे आणि तो जुलै-ऑगस्टमध्येच येतो.

प्रश्न : चेरापुंजीला जगातला जवळजवळ सर्वांत जास्त पाऊस. मग उन्हाळ्याच्या आधीच तिथं टँकर का फिरतात? (एक शिक्षिका, वाई)

उत्तर : चेरापुंजीचं स्थानिक नाव सोहरा. सरासरी पाऊस साडेअकरा हजार मिलिमीटरच्या आसपास. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत तर २६,४६१ मिलिमीटर पडल्याची नोंद आहे. पण यातला बहुतेक पाऊस मे ते सप्टेंबरमध्ये कोसळतो, आणि गाव पठाराच्या ऐन कडेवर आहे. खाली चुनखडी आणि वालुकाश्म, वर मातीचा पातळ थर, तोही बऱ्याच ठिकाणी धुऊन गेलेला. चुनखडीत भुयारं पडलेली, त्यामुळे पाणी काही तासांत दऱ्यांत उतरतं आणि तिथून बांगलादेशच्या सपाटीवर जातं. पाणी धरून ठेवायला माती नाही आणि जंगलही विरळ झालंय, त्यामुळे हिवाळ्यात झरे आटतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवरही धो-धो पावसानंतर मार्चमध्ये टंचाई होते. तुमच्या मुलांना तेच उदाहरण द्या, लगेच समजेल.

याच कड्याखालच्या उतारांचं अर्थकारण मात्र वेगळं आहे. तिथं माती आहे, ऊब आहे. खासी लोकांच्या सुपारी, विड्याची पानं, संत्री आणि तमालपत्राच्या बागा तिथंच. माल डोक्यावर-पाठीवर वाहून वर आणायचा, तर पावसाळ्यात फुगलेले ओढे ओलांडावे लागतात. लाकडी साकव तिथल्या दमट हवेत लवकर कुजतो. म्हणून त्यांनी जिवंत पूल केले.

ओढ्याच्या काठी वडाच्या जातीतलं रबराचं झाड लावतात. त्याला हवेत मुळ्या फुटल्या की त्या कोवळ्या असतानाच सुपारीच्या पोकळ केलेल्या खोडातून किंवा बांबूच्या सांगाड्यावरून पलीकडे नेतात. मुळी पलीकडच्या मातीत रुजली की जाड व्हायला लागते. दोन मुळ्या एकमेकींवर दाबून बांधल्या की त्या जुळून येतात. माणसाचा भार पेलायला साधारण १५ ते ३० वर्षं लागतात, तोवर आधाराचा बांबू कुजेल तसा बदलत राहावं लागतं. म्हणजे बापानं लावायचं आणि पोरानं चालायचं. पण एकदा जमला की पूल वर्षागणिक मजबूत होतो. त्याला मारणारी एक मोठी गोष्ट म्हणजे मूळ झाडाला झालेली इजा. खोडाजवळ खोदकाम केलं, साल सोलली किंवा मुळ्या तोडल्या, तर पूल आतून सुकतो.

प्रश्न : आमच्या खारेपाटात समुद्राचं पाणी अडवून भात करतात. केरळातल्या कुट्टनाडमध्येही तेच करतात ना? मग तिथं पंप का लागतात? (एक वाचक, पेण)

उत्तर : फरक जमिनीच्या पातळीचा. पेण-अलिबागची खारजमीन भरतीच्या पातळीखाली असली, तरी ओहोटीच्या पातळीच्या वर आहे. म्हणून तुमची उघाडी, म्हणजे बांधातली झापांची मोरी, कामाला येते. भरतीला तिची झापं बाहेरच्या पाण्याच्या दाबानं बंद होतात, ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून निघून जातं. गोव्याच्या खाजन शेतीतली 'मानस' हीच. कुट्टनाडची खाचरं समुद्रसपाटीपेक्षा ०.६ ते २.२ मीटर खाली आहेत. बाहेरचं पाणी सदा वरच, तेव्हा आतलं पाणी आपोआप कधीच निघणार नाही, उपसावंच लागतं. पूर्वी माणसं पायानं मोठी लाकडी चाकं फिरवून ते उपसत. आता 'पेट्टी' आणि 'परा' असतात, म्हणजे लाकडी पेटी आणि तिला जोडलेलं उभं नळकांडं. नळकांड्यातला पंखा मोटारीवर फिरतो आणि पाणी फारसं उंच न चढवता भरपूर प्रमाणात बाहेर टाकतो.

एका बांधाच्या आतली सगळी शेतं मिळून 'पाडशेखरम' होतं. पाणी सगळ्यांचं एकदमच उपसायचं असल्यामुळे पेरणीही एकदमच होते. तिथं एकट्यानं वेगळं पीक घ्यायची सोयच नाही. मुख्य हंगाम 'पुंजा' : पाऊस ओसरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोड आलेलं भात फोकायचं, मार्चच्या सुमारास कापायचं. कापणी झाली की बदकांचे कळप सोडतात. बदकं सांडलेले दाणे आणि गोगलगायी वेचतात आणि खतही टाकतात.

दोन धोके तुमच्या ओळखीचे आहेत. एक, खांड पडणं. चिखल, फांद्या आणि नारळीच्या खुंटांनी बांधलेला बांध एका जागी फुटला, की एका रात्रीत शेकडो एकर पाण्याखाली जातात. दुसरा, खारं पाणी. ते अडवायला वेंबनाड सरोवरावर तण्णीरमुक्कम बंधारा १९७०च्या दशकात झाला. डिसेंबरपासून त्याची दारं लावतात. भात वाचला, पण भरती-ओहोटीनं होणारी धुणावळ थांबली, जलपर्णी माजली आणि कोळंबी-मासळी घटली. शेतकऱ्याला दारं उशिरा उघडायला हवी असतात आणि मच्छीमाराला लवकर. आमच्या मते मच्छीमाराचं ऐकायची वेळ आली आहे.

तिसरा धोका तुमच्याकडे नाही : आम्लधर्मी माती. कुट्टनाडच्या मातीत गंधकाची संयुगं आहेत. ती वाळून हवा लागली की आम्ल तयार होतं आणि भाताची मुळं करपतात. म्हणून जमीन फार सुकू देत नाहीत आणि चुना टाकतात. केरळात भाताला साधारण शिफारस हेक्टरी ६०० किलोची : ३५० पहिल्या नांगरटीला, २५० महिन्याभरानं. हे वाचून खारेपाटात चुना टाकू नका. तुमचा प्रश्न मिठाचा आहे. त्याला पावसाच्या पाण्यानं जमीन धुणं आणि 'पनवेल' मालिकेतले खारं पाणी सोसणारे भाताचे वाण हाच उपाय.

प्रश्न : लडाखमध्ये पाण्याचे वाद कसे सोडवतात? आमच्याकडे फड पद्धतीत, म्हणजे नदीवरच्या बंधाऱ्याचं पाणी पाळीनं वाटून घ्यायच्या रीतीत, पाणी सोडणारा पाटकरी असायचा. (एक वाचक, साक्री)

उत्तर : तिथंही पाटकरीच आहे. त्याला 'चुरपोन' म्हणतात. लेहला वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस-बर्फ, सगळी शेती हिमनद्यांच्या वितळणीवर. वितळलेलं पाणी पाटानं गावात येतं, रात्रीचं पाणी 'झिंग' नावाच्या छोट्या तळ्यात साठतं आणि चुरपोन पाळीनं ते सोडतो. तुमच्या पांझरा नदीवर एका फडात एकच पीक असल्यामुळे पाण्याचा हिशेब सोपा जायचा. लडाखात बहुतेकांचं सातूच असतं, म्हणून मामला आणखी सरळ.

अडचण एप्रिल-मेची. पेरणी तेव्हा करावी लागते आणि वरची हिमनदी वितळते जूनपासून. त्यासाठी गावाजवळ, कमी उंचीवर बर्फ साठवायची युक्ती निघाली. ओढ्याचं पाणी वरून नळानं आणतात, त्याच्याच दाबानं कडाक्याच्या थंडीत रात्री फवारतात आणि शंकूसारखा ढीग रचतात. शंकूला ऊन कमी लागतं, म्हणून तो पसरट बर्फापेक्षा उशिरा वितळतो. यात हटकून फसतो तो नळ. पाणी जरा थांबलं की आत गोठून फुटतो. म्हणून तो जमिनीत खोल पुरावा लागतो आणि फवारणी थांबवली की लगेच रिकामा करावा लागतो.

प्रश्न : हे सगळं पाहायला जायचं तर कधी? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : खडीन डिसेंबर-जानेवारीत, हिरव्या गव्हासकट. कुट्टनाड जानेवारीत हिरवं, मार्चमध्ये कापणीचं आणि नंतर बदकांचं. सोहरा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, धबधबे वाहते असतात आणि वाटा सुकलेल्या. नोंग्रियातच्या दुमजली पुलाला तीन हजारांहून अधिक पायऱ्या उतराव्या लागतात आणि तेवढ्याच चढाव्या लागतात, गुडघे दुखत असतील तर वरच्या गावांतले छोटे पूल पाहा. लडाखचं जर्दाळू फुलतं एप्रिलमध्ये, पिकतं जुलै-ऑगस्टमध्ये. लेहला विमानानं उतरलात तर पहिले दोन दिवस खोलीवर पडून राहा. साडेतीन हजार मीटरवर लगेच चालायला निघालात, तर तिसऱ्या दिवशी पाट पाहायच्या ऐवजी दवाखाना पाहाल.