चार आठवड्यांचे प्रमाणपत्र आणि अंगणवाडीची वही

प्रश्न : मी धडगाव तालुक्यातील एका पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे. आमच्या घरातून महाविद्यालयात गेलेली माझी मुलगी पहिलीच. ती धुळ्यात बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे इंग्लंडमध्ये सार्वजनिक आरोग्य या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, असे तिच्या मनात आहे. एका सल्ला केंद्राने तिला सांगितले की, आफ्रिकेतील एका देशात चार आठवडे स्वयंसेवक म्हणून काम केले की परदेशी विद्यापीठातला प्रवेश नक्की होतो. त्यासाठी १ लाख ९० हजार रुपये लागतात. नोंदणीचे १० हजार आम्ही भरले आहेत. १ लाख ९० हजार ही रक्कम माझ्या वर्षभराच्या मानधनापेक्षा जास्त आहे. बचत गटातून कर्ज काढू का? नातेवाईक म्हणतात, मुलगी नर्स झाली, नोकरी लागेल, आता तिचे लग्न करून टाका. मी दहावीपर्यंत शिकलेली. तिच्या स्वप्नाला बळ कसे द्यायचे तेच मला कळत नाही. लहानपणापासून ती माझ्यासोबत अंगणवाडीत येते, मुलांची वजने वहीत टिपते. आजही सुटीत आली की आजारी मुलांच्या आयांना दवाखान्यात नेते आणि डॉक्टरांचे बोलणे त्यांना आमच्या पावरी बोलीत समजावून सांगते.

उत्तर : ताई, कर्ज काढू नका. भरलेले १० हजार परत मिळावेत म्हणून त्या केंद्राला लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. चार आठवड्यांच्या कामाने प्रवेश नक्की होतो, असे आश्वासन कोणीही देऊ शकत नाही, कारण प्रवेशाचा निर्णय विद्यापीठ घेते आणि तो घेताना अर्जदाराचे गुण, इंग्रजीची तयारी, शिफारसपत्रे आणि त्या विषयाशी तिचे खरे नाते किती जुने आहे, हे पाहिले जाते.

हे नाते तुमच्या पत्राच्या शेवटच्या दोन वाक्यांत आहे. तुम्ही ती जाता जाता लिहिली आहेत, पण मला ती सर्वांत मोलाची वाटली. ज्या मुलीने दंडघेराची पट्टी ११.५ सेंटिमीटरच्या खाली, म्हणजे तीव्र कुपोषणात, गेलेली डोळ्यांनी पाहिली आहे, दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेले मूल पावसाळ्याच्या तोंडाला परत येते तेव्हा त्याचे वजन वाढलेले असते की घटलेले हे जिने स्वतः नोंदवले आहे, आणि कुपोषित मुलांवर उपचार होतात त्या पोषण पुनर्वसन केंद्रात राहायला आई का तयार होत नाही, घरी मागे राहिलेल्या मुलांचे आणि गुराढोरांचे कोण पाहणार, हा प्रश्न जिने त्या आईच्याच भाषेत ऐकला आहे, ती मुलगी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास आधीच करते आहे. विद्यापीठाच्या अर्जासोबत उद्देशपत्र, म्हणजे हा विषय का शिकायचा आहे ते सांगणारे पत्र, द्यावे लागते. त्यात तिने हेच लिहावे. आपली अंगणवाडी किती लांब आहे, पावसाळ्यात वाट बंद झाली की रुग्णाला झोळीतून कसे न्यावे लागते, कोणत्या महिन्यात वजने घसरतात आणि तिला त्याचे कारण काय वाटते, हे सारे तपशिलाने यावे. तुमच्या जुन्या वह्या असतील तर जपून ठेवा. मुलांची नावे कुठेही न येऊ देता त्यांतील नोंदींचा उपयोग तिला करता येईल.

परदेशातील स्वयंसेवेविषयी माझे मत कठोर आहे आणि ते अनुभवातून आलेले आहे. काही वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी पैसे भरून नेपाळमधील एका अनाथालयात तीन आठवडे राहून आला. तो मनाने चांगला होता आणि त्याने मुलांवर मायाही केली. परत आल्यावर त्याने सांगितले की, पहिल्याच दिवशी एका लहान मुलीने त्याला विचारले, "तुम्ही कधी जाणार?" त्या प्रश्नानंतर त्याला तिथे स्वस्थ वाटले नाही. नेपाळ, कंबोडिया अशा देशांतील अनाथालयांत राहणाऱ्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि पैसे देणारे पाहुणे येत राहतात म्हणून मुलांना घरापासून तोडून तिथे आणण्याचे प्रकार घडतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१९ च्या बालहक्कविषयक ठरावात अनाथालयांतील अशा स्वयंसेवेपासून होणाऱ्या हानीची दखल घेतली आहे. दवाखान्यातील कामाला आणखी एक बाजू आहे. परिचारिकेची नोंदणी ज्या देशात झालेली नाही, तिथे तिने रुग्णावर उपचार करणे योग्य नाही. धुळ्याच्या रुग्णालयात शिकाऊ विद्यार्थिनीने एकटीने इंजेक्शन दिलेले आपण चालवून घेत नाही. मग दुसऱ्या देशातील गरिबांच्या बाबतीत ते का चालवून घ्यावे?

मात्र परदेशात सेवा करण्याची तिची इच्छा खरी असेल तर ती मोडू नका, पुढे ढकला. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स ही १९७१ साली फ्रान्समध्ये स्थापन झालेली संस्था परिचारिकांना कामावर घेते, पण साधारणपणे किमान दोन वर्षांचा अनुभव मागते. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात १८ ते २६ या वयोगटासाठी युवा स्वयंसेवकांच्या जागा असतात आणि निवड झालेल्यांना निर्वाहभत्ता व विमा मिळतो. या दोन्ही ठिकाणी स्वयंसेवकाकडून पैसे घेतले जात नाहीत. तुम्हाला ओळखीची खूण हवी असेल तर हीच लक्षात ठेवा.

म्हणून माझा सल्ला असा की, पदवी मिळाल्यावर आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाल्यावर तिने दोन वर्षे आपल्याच भागात काम करावे. प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र, नर्मदेच्या पाण्याकाठच्या गावांसाठी चालणारा तरंगता दवाखाना, जिथे जागा निघेल तिथे. ही वर्षे वाया जाणार नाहीत. ब्रिटिश सरकारच्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी दोन वर्षांचा, म्हणजे २८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, आणि शिक्षण पूर्ण झाल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावे लागते. तुमच्या मुलीला परतायचेच असेल, तर ही अट तिला जड वाटणार नाही. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. ती पदव्युत्तर आणि त्यापुढील शिक्षणासाठी असून देशभरातून दरवर्षी २० जणांची निवड होते. राज्याच्या आदिवासी विकास विभागाचीही परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती आहे. तिची चौकशी तळोदा येथील प्रकल्प कार्यालयात करा.

जागा थोड्या आहेत, हे तिच्यापासून लपवू नका. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतील अच्युत मेनन केंद्र येथेही सार्वजनिक आरोग्य शिकवले जाते. तिने तिथलेही अर्ज भरावेत, आणि ते दुय्यम म्हणून नव्हे, कारण सातपुड्यात परतून काम करायचे असेल तर ते शिक्षणही तितकेच उपयोगी पडेल.

कागदपत्रांना आजच हात घाला. शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि पासपोर्ट यांवरील नावाचे स्पेलिंग एक नसले की आपल्या भागातील मुलांची वर्षे वाया जातात, हे मी फार वेळा पाहिले आहे. जात वैधता प्रमाणपत्राच्या प्रती काढून ठेवा. गुणांचे ट्रान्सक्रिप्ट तिला नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठातून घ्यावे लागेल. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा मात्र घाईने देऊ नये. तिचा निकाल दोनच वर्षे ग्राह्य धरला जातो.

आता नातेवाईकांविषयी. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना मुदत सांगा : "दोन वर्षे ती नोकरी करणार आहे, तोवर हा विषय नको." मुदत सांगितली की बोलणारी माणसे बहुधा थांबतात. आणि तुम्ही दहावीपर्यंतच शिकलात म्हणून तिला बळ देऊ शकत नाही, हे मला मान्य नाही. एखाद्या संध्याकाळी तिच्यासमोर बसा, एकेक वही उघडा आणि कोणत्या मुलाचे पुढे काय झाले ते तिला सांगा. ती लिहून घेईल. तिच्या उद्देशपत्राचा पहिला मसुदा त्यातूनच तयार होईल.

प्रश्न : मी अमळनेरचा असून इंग्रजीचा शिक्षक म्हणून ३४ वर्षांच्या सेवेनंतर नुकताच निवृत्त झालो आहे. परदेशात जाऊन काही महिने विनामूल्य शिकवावे, अशी फार दिवसांची इच्छा आहे. मार्ग सुचवावा.

उत्तर : सर, प्रवासाआधी एक पायरी सुचवते. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात घरी बसून ऑनलाइन करण्याची कामेही असतात. भाषांतर, लेखन, संपादन यांसाठी तिथे माणसे लागतात आणि १८ वर्षांवरील कोणालाही नोंदणी करता येते. त्यातून संस्थांची कामाची रीत कळेल आणि पुढे प्रत्यक्ष जायचे की नाही हे ठरवणे सोपे होईल. पर्यटक व्हिसावर शिकवायला मात्र जाऊ नका. अनेक देशांत विनामूल्य कामालाही वेगळी परवानगी लागते.

याशिवाय एक विनंती आहे. वरचे धडगावचे पत्र आपण वाचले असेलच. त्या मुलीला येत्या काही महिन्यांत इंग्रजीत उद्देशपत्र लिहायचे आहे. ते तिच्या शब्दांतच राहावे, पण कोणीतरी प्रत्येक मसुदा वाचून जिथे अर्थ पोहोचत नाही तिथे खूण करावी, एवढीच तिची गरज आहे. आपली संमती असेल तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा. मुलीची व तिच्या आईची परवानगी घेऊन मी पुढचे जुळवून देईन.