माझे माहेर दाखवायला निघालेल्या भाच्यास

चि. भाच्यास,
मामीचे अनेक आशीर्वाद.

फेब्रुवारीत अठरा जणांना घेऊन तू फिलिपिन्सला निघाला आहेस, हे तुझ्या आईकडून कळले आणि पाठोपाठ तू पाठवलेला कार्यक्रमही मिळाला. नऊ दिवसांत मनिला, बनावे, बोराकाय, सेबू, बोहोल आणि पालावान! वाचता वाचता आनंदाच्या आधी मला दमच लागला. तुझ्या मामांशी लग्न करून मी इकडे आले त्याला तीस वर्षे होऊन गेली, तरी माझ्या देशाचे नाव कोणी काढले की माझा आवाज अजूनही एक पट्टी वर चढतो, हे तुम्ही सारे जाणताच. तेव्हा या पत्रात अभिमान असणार हे गृहीत धर; मात्र ज्याला आपल्या घराचा अभिमान आहे त्यानेच घरातली गळकी खोली पाहुण्याला आधी दाखवावी, असे माझे मत आहे.

आमच्याकडे ७,६४१ बेटे आहेत. ही संख्या जाहिरातीत शोभून दिसते, पण सहल आखणाऱ्याला तिचा अर्थ वेगळाच कळायला हवा. नकाशावर बोटभर दिसणाऱ्या अंतरासाठी एक विमान किंवा एक बोट लागते, त्याआधी सामान आवरणे, विमानतळ गाठणे आणि तिथे ताटकळणे आलेच, आणि असा प्रत्येक बदल अर्धा दिवस सहज खाऊन टाकतो. तुझ्या कार्यक्रमात असे पाच बदल आहेत. लोक घरी परततील तेव्हा त्यांना माझ्या देशातली फक्त प्रतीक्षागृहे आठवतील. म्हणून माझा पहिला आणि आग्रहाचा सल्ला असा, की मनिला आणि बोहोल एवढेच ठेव, त्यात माझ्या माहेरचा बिकोल प्रांत घाल आणि बाकीचे निर्दयपणे गाळ. बोराकायची वाळू पिठासारखी पांढरी आणि मऊ आहे, यात शंका नाही. सांडपाणी समुद्रात जाऊ लागल्यामुळे २०१८ मध्ये सरकारने ते बेट सहा महिने पर्यटकांना पूर्ण बंद ठेवले होते आणि त्याचा उपयोगही झाला. पण ज्याला पाच दिवस नुसते किनाऱ्यावर बसायचे आहे त्यानेच तिकडे जावे; एका मुक्कामासाठी नव्हे.

बनावे गाळताना तुझा हात थरथरेल, कारण इफुगाओ लोकांची डोंगरउतारावरची भातखाचरे सर्वांनी चित्रात पाहिलेली असतात. ती पाहण्यासारखी आहेतच. डोंगराच्या माथ्यावर प्रत्येक कुटुंब ‘मुयोंग’ नावाचे रान राखते, त्या रानात मुरलेले पाणी पाटांनी एका खाचरातून दुसऱ्यात उतरत जाते, आणि रान तुटले की खालची शेतीही सुकते, ही व्यवस्था मावळातल्या किंवा कोकणातल्या शेतकऱ्याला दोन वाक्यांत समजेल. परंतु मनिलाहून रात्रभर बसने जावे लागते, आणि रस्त्यावरून दिसणारी बनावेची खाचरे युनेस्कोच्या १९९५ च्या यादीत नाहीत. त्या यादीत आहेत ती बाताद, बांगाआन आणि आणखी तीन ठिकाणची, आणि बातादला शेवटी पायी उतरून पुन्हा चढावे लागते. मी स्वतः एकदा तुझ्या मामांच्या मित्रमंडळींना जुलैत तिथे नेण्याचा शहाणपणा केला होता. तीन दिवस पाऊस कोसळत होता, समोर फक्त पांढरे धुके होते, आणि मी त्या धुक्याकडे बोट दाखवून ‘इथे खाचरे आहेत’ असे सांगत होते. जून ते नोव्हेंबर या काळात आमच्याकडे पाऊस आणि वादळे असतात, दर वर्षी सरासरी वीसेक चक्रीवादळे आमच्या सागरी हद्दीत येतात, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. मला फक्त माझा देश दाखवायची घाई झाली होती. स्वस्त तिकिटे पाहून कोणी तुझ्याकडे ऑगस्टची सहल मागितली, तर हे धुके आठव.

मनिलात लोक वाहतुकीला कंटाळतील, आणि ते रास्तच आहे. इंत्रामुरोस हे स्पॅनिश काळातले तटबंदीचे शहर सकाळी लवकर पायी दाखव, आणि तिथून राष्ट्रीय संग्रहालयाच्या मानववंशशास्त्राच्या इमारतीत ने. तिथे प्रवेशशुल्क नाही. तिथे लागुना प्रांतात १९८९ मध्ये सापडलेला एक ताम्रपट आहे. वहीच्या पानाएवढा, काळवंडलेला आणि चुरगळलेला हा पत्रा चटकन डोळ्यांत भरत नाही. पण त्यावरचा मजकूर ‘स्वस्ति’ या शब्दाने सुरू होतो आणि पुढे शकवर्ष ८२२, वैशाख महिना, कृष्ण चतुर्थी, सोमवार अशी तिथी येते. म्हणजे इसवी सन ९००. एका माणसाचे सोन्याचे कर्ज फिटले आणि त्याचे वंशज ऋणमुक्त झाले, एवढाच त्या लेखाचा विषय आहे. तुझ्या अठरा जणांपैकी निम्म्यांच्या घरी शालिवाहन शक छापलेले पंचांग भिंतीवर असेल. त्यांना त्या पत्र्यासमोर पाच मिनिटे उभे कर आणि मग सांग, की तागालोग भाषेत शिक्षकाला ‘गुरो’, चेहऱ्याला ‘मुखा’ आणि आशेला ‘आसा’ म्हणतात. एका सहल कंपनीच्या माणसाने माझ्यासमोर एका गिऱ्हाइकाला ‘फिलिपिन्स म्हणजे थायलंडच, थोडे वेगळे’ असे सांगितले होते, तेव्हा मी गप्प बसले. तू तरी गप्प बसू नकोस.

बिकोल हे माझे गाव-शिवार, त्यामुळे इथे मी तुझा थोडा जास्त वेळ घेणार. लेगास्पी शहरावर मायोन ज्वालामुखी उभा आहे, जवळजवळ समुद्रसपाटीपासून एकसारखा निमुळता होत गेलेला, कळसूबाईपेक्षा सुमारे आठशे मीटरने उंच. बिकोल भाषेत ‘मागायोन’ म्हणजे सुंदर. पण १८१४ च्या फेब्रुवारीत याच सुंदर डोंगराने काग्सावा गाव गाडून टाकले, आणि आता तिथल्या चर्चचा फक्त घंटेचा मनोरा जमिनीवर उरला आहे. मायोन बहुधा ढगांत असतो. लोकांना पहाटे उठव, आणि दिसलाच नाही तर माफी मागू नकोस. बिकोलमधल्याच दोन्सोलच्या समुद्रातल्या देवमाशाएवढ्या ‘बुतांदिंग’ (व्हेल शार्क) माशांचेही तसेच आहे. तिथे त्यांना खाऊ घालत नाहीत. होडीच्या उंच काठीवर बसलेला कोळी पाण्यातली सावली ओळखतो, तेव्हा उडी मारायची. सेबूच्या ओस्लोब गावात कोळंबी टाकून त्यांना रोज सकाळी बोलावतात, त्यामुळे तिथे दर्शन जवळपास नक्की असते, आणि नेमके म्हणूनच तिथे नेऊ नये असे मला वाटते.

आता जेवण. गटात शाकाहारी मंडळी असतील, तर आमच्याकडच्या ‘गुलाय’ या शब्दावर विसंबू नकोस. त्याचा अर्थ भाजी असाच आहे, पण भाजीत सुकी कोळंबी, डुकराच्या मांसाचे तुकडे किंवा ‘बागोओंग’ ही आंबवलेली जवळ्याची चटणी घातली, तरी आमच्या लेखी ती भाजीच राहते. ‘वालांग कार्ने, वालांग इस्दा, वालांग बागोओंग’ (मांस नाही, मासे नाहीत, बागोओंग नाही) हे तीन शब्दसमूह कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात दे. सकाळी रस्त्यावर ‘ताहोऽऽ’ अशी लांब आरोळी ऐकू आली की सर्वांना खाली पिटाळ. खांद्यावर कावड घेऊन माणूस येतो. एका डब्यात सोयाबीनच्या दुधाचा गरम, लुसलुशीत, दह्यासारखा थर असतो, तो हा माणूस सपाट पळीने पातळ पातळ काढून पेल्यात सरकवतो आणि वरून गुळासारखा पाक आणि साबुदाण्याचे मोती घालतो. तुझ्या आजीला हा प्रकार मी सांगितला तेव्हा त्यांनी विचारलेला एकच प्रश्न होता, ‘उपासाला चालतो का?’

आजीवरून आठवले. लग्नानंतर पहिल्या श्रावणात त्यांनी मला अळूचे फदफदे वाढले, आणि मी रडायलाच लागले. आमच्या बिकोलमध्ये अळूची पाने वाळवून, नारळाच्या दुधात मिरच्यांबरोबर मंद आचेवर शिजवतात. त्याला ‘लाइंग’ म्हणतात. पाने शिजेपर्यंत ढवळायची नाहीत, नाही तर घसा खाजतो, असे माझी आई सांगे. आणि तुझी आजी चिंचेचा कोळ घालताना खाजेचेच कारण सांगत होत्या. कोण चूक आणि कोण बरोबर, याचा निवाडा आमच्या दोघींत शेवटपर्यंत झाला नाही.

भाषेचे तुला फार जड जाणार नाही, इंग्रजी सर्वत्र चालते. तरीही वडीलधाऱ्यांशी बोलताना वाक्यात ‘पो’ घाल. आपल्या अहोजाहोचे सगळे काम तो एक शब्द करतो. कोणी ‘कुमाइन का ना?’ असे विचारले, तर ते ‘जेवलास का?’ असे विचारत आहेत. आपल्याकडच्यासारखेच, उत्तर ‘हो’ दिलेस तरी ताट येईल. बोहोलमध्ये टार्सियर पाहताना गटाला शांत ठेव. तो मुठीएवढा निशाचर प्राणी दिवसा झोपलेला असतो आणि फ्लॅशने घाबरतो. तिथल्या चॉकलेट टेकड्या उन्हाळा वाढल्यावर तपकिरी होतात, फेब्रुवारीत बऱ्याच हिरव्या दिसतील, हे निघण्यापूर्वीच सांगून टाक.

लेगास्पीत माझी बहीण तुम्हा सर्वांना दुपारच्या जेवणाला बोलावते आहे. तिला मी लाइंग दोन पातेल्यांत करायला सांगितले आहे, एकात बागोओंग आणि एकात नाही. दुसऱ्या पातेल्याचे आकारमान ठरवायचे आहे, म्हणून शाकाहारी किती आहेत ते मला गुरुवारपर्यंत कळव, आणि तिच्यासाठी कोकम विसरू नकोस.

तुझी,
मामी